“मग त्या पोराचा पिक्चर आर्धाच ऱ्हायला का?” काकांनी हातातला चहा तसाच धरून विचारलं.

लातूरला मित्राच्या घरी बसलो होतो. त्याच्या पोराला सिनेमा करायचाय, म्हणून मी गोल्लापुडी श्रीनिवास पुरस्काराचं सांगत होतो. देशातल्या कुठल्याही भाषेत पहिला चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकासाठी असलेला. ‘तारे जमीं पर’साठी आमिर खानलाही मिळालेला. पोरगं आमिरच्या नावावर खूश. काका मात्र श्रीनिवासवरच अडकले.

श्रीनिवास आपला पहिलाच तेलुगू सिनेमा करत होता, ‘प्रेम पुस्तकम्’. १२ ऑगस्ट १९९२ ला विशाखापट्टणमला शूटिंग चालू असताना समुद्रात बुडून गेला. अर्धा राहिलेला सिनेमा वडिलांनी, लेखक-अभिनेते गोल्लापुडी मारुती राव यांनी, पुरा केला. पुढं पोराच्या नावानं हा पुरस्कार सुरू केला. चेन्नईत, तारीख तीच १२ ऑगस्ट.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “बापानं कसं केलं आसंल रं ते?”

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. एडिटिंगच्या टेबलावर पोरानं घेतलेले शॉट बघायचे, कुठला ठेवायचा, कुठला कापायचा ते ठरवायचं. मला तर विचारानंच गलबलून येतं.

आपल्या मराठवाड्यात स्मृतिप्रीत्यर्थ कुस्त्या होतात, व्याख्यानमाला होतात, गुणवंतांचे सत्कार होतात. चांगलंच आहे ते. पण मोबाईलवर शूट करत फिरणारी कितीतरी पोरं आहेत इथं. त्यांच्या पहिल्या कामासाठी असं काही आपल्याला सुरू करता येईल का?