दोन इंजिनं, एक नंबर

जेवण झाल्यावर माणसाने जरा आडवं व्हावं. मी डायनिंग टेबलवर पेपर पसरून टूथपिकने रेल्वेच्या छोट्या मॉडेल इंजिनाचा नंबर खरवडत बसलो होतो.

भाच्याने अमेरिकेतून येताना दोन डिझेल इंजिनं आणली, एकाच कंपनीची, एकाच रंगाची. आहेत अल्को या अमेरिकन इंजिनवाल्यांच्या नमुन्याची, म्हणजे आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-टू या डिझेल इंजिनाच्या चुलतघराण्यातली. दोघांना जोडून मालगाडी ओढायला लावली आणि लक्षात आलं, की दोघांच्या अंगावर कारखान्यातून छापून आलेला नंबर एकच. वर्गात दोन मुलांचा रोल नंबर एकच असावा, तसं. बायको म्हणाली, "कोणाला दिसतंय?" मला दिसतंय ना!

तसा मी काही फार काटेकोर नाही. एचओ या मापाचं मॉडेल खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, त्या हिशोबाने टेबलावरचे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हवेत. असतात साडेसोळावर, कारण ते साहेबाच्या गेजचं माप. ते मी मुकाट्याने चालवून घेतो. पण नंबर नाही.

नंबर काढायची माझी पद्धत आता बसली आहे. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून आकड्यांवर ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, मग टूथपिकने आडवं आडवं घासायचं. पांढरा रंग डोक्यातल्या कोंड्यासारखा सुटतो. ब्लेडच्या पत्तीला हात लावायचा नाही. घाई केली की आकड्याआधी खालचा निळाच निघतो. एकदा मी शहाणपणा करून एका डब्यावर बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं होतं. त्या डब्याच्या अंगावर घामोळं आलं, ते अजून आहे. आणि एवढं सगळं नीट केलं, तरी दिव्याखाली तिरकं धरलं की गेलेला नंबर गुळगुळीत चमकतोच. त्यावर मॅट व्हार्निशचा हात मारावा लागतो.

नंबरांचं हे वेड मिरजेचं. तेव्हा मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीची छोटी गाडी, तिन्ही होत्या. सुट्टीत मी आणि मावसभाऊ जिन्याच्या पुलावर वही घेऊन उभे. पुण्यापर्यंत विजेवर आलेली कोयना एक्सप्रेस तिथून पुढे डिझेल लावून यायची. आधी काळा धूर, मग ती अल्कोची धाप लागल्यासारखी धकधक आणि पुलाखालून जाताना पायाला लागणारी गरम झळ. तेवढ्यात पाच आकडे वाचायचे. मी निम्मे वाचायचो. मावसभाऊ सगळे वाचायचा, गाडी गेल्यावरसुद्धा. मी पाणी प्यायला गेलो की परत येईपर्यंत वहीत चार इंजिनं वाढलेली असायची, मधे एकही गाडी न येता. त्यावरून आमची मारामारीही झाली आहे. मी त्याचं पान टरकावलं, त्याने माझी कॅप खाली रुळात टाकली.

वही अजून आहे. म्हटलं, नवा नंबर द्यायचा तर त्यातलाच देऊ, उगाच कुठला तरी कशाला? पहिल्याच पानावर पहिल्या दिवशीचं पहिलं इंजिन: एक, आठ, आणि पुढे पावसाचा डाग. शेवटचा सात आहे की एक, तेही कळेना. खाली अक्षरात 'पुणे' मात्र ठसठशीत.

शेवटी मावसभावाला फोन लावला. आता साठी गाठली आहे त्याने, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बोलणं सगळं साखर आणि जावयावर. मी मधेच विचारलं, "अरे, ते पहिलं इंजिन, कोयनेचं, नंबर आठवतो का रे?"

क्षणभरही थांबला नाही. पाचही आकडे धडाधड सांगितले.

मी लिहून घेतला.