आजीच्या पिशव्या

आज मुंबईतल्या लोहार चाळ बाजारातल्या आमच्या दुकानाचा पोटमाळा आवरला. पत्र्याच्या डब्यात व्हॅक्यूम क्लीनरच्या कापडी पिशव्या सापडल्या, आजीने शिवलेल्या. हात थरथरला माझा.

आजोबांचं दुकान आधी फक्त मिक्सरच्या कार्बनचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या, घासून झिजणाऱ्या छोट्या तुकड्यांचं. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली, तिचे टाय लावलेले सेल्समन दारोदार व्हॅक्यूम क्लीनर दाखवू लागले, आणि हळूहळू आमच्याकडे लोक पाइप, कार्बन, पिशवी मागत आले. पिशवी मिळाली नाही की आजी मापाने शिवून द्यायची. घट्ट विणीचं कापड, दुहेरी शिवण. हवा निघून जायला हवी, धूळ नाही. पहिली तर तिने उशीच्या अभ्र्याची केली होती.

गंमत म्हणजे अमेरिकेत ओहायोतल्या स्पँग्लर या दमेकरी सफाई कामगारानेही पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्राच जोडून यंत्र बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं, पुढे ते हूवर या चामड्याचा धंदा करणाऱ्या घराण्याने घेतलं. आजीला हे कुठून ठाऊक असणार!

संध्याकाळी गिरगावातल्या एक काकू जुनं मशीन घेऊन आल्या. कार्बन झिजून नखाएवढा उरलेला, पिशवी फाटलेली. बाबांनी कार्बन बदलला, डब्यातली एक पिशवी लावून बघितली. चपखल बसली.