उलटा पतंग

सोमवार, रात्री. दांडिया बाजार

उत्तरायण होऊन महिना उलटला तरी समोरच्या तारेवर एक फाटका पतंग लटकतो आहे. कागद गेला, किन्ना शाबूत. (कन्नीला किन्ना म्हणणं ही बडोद्याच्या मराठीची सवय. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.) कच्छच्या छोट्या रणात न्यायच्या सावलीच्या सामानाची यादी करायला बसावं आणि नेमका तोच डोळ्यांसमोर असावा, हे बरंच झालं. दहा बाय दहा फुटांचं सावलीचं छत म्हणजे नऊ चौरस मीटरच्या वरचा पतंगच. पतंगाचं वाऱ्याकडचं तोंड वर उचललेलं असतं, वारा पोटात शिरतो, पतंग चढतो. छताचं तेच तोंड खाली ठेवलं की वारा पाठीवर बसतो आणि कापड दाबून धरतो. चारही खांब एकाच उंचीचे ठेवून कापड सपाट ताणणारे लोक ही फुकटची मदत नाकारतात.

हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 16 ने भागायचं. उत्तर येतं ते एका चौरस मीटरवर पडणारे किलो. ताशी 20 किलोमीटरला जेमतेम 2 किलो, 40 ला पावणेआठ, 60 ला साडेसतरा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि माणसाचा अंदाज इथेच फसतो. सकाळच्या झुळुकीत घट्ट वाटणारं छत ताशी 60 च्या झोताला दीडशे किलोहून जास्त जोराने उचललं जाऊ शकतं. बाजारातला घडीचा गझेबो, म्हणजे चार पायांचा तयार मांडव, स्वतः वीसेक किलोचा, आणि त्याच्याबरोबर मिळणाऱ्या खिळ्यासारख्या मेखा बागेतल्या वाढदिवसापुरत्या.

मंगळवार

आज फक्त जमीन.

रण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात, आणि मग ते रिकाम्या गोण्या घेऊन निघतात. तिथे गेल्यावर गोणीत भरायला वाळूच नसते. कच्छचं छोटं रण म्हणजे चिकण माती आणि खार. वर तडकलेलं कडक कवच, अन् बऱ्याच ठिकाणी खाली ओल. एक वितीची मेख कवच फोडून त्या ओल्या मातीत जाते, दोन तासांत छिद्र रुंद होतं आणि संध्याकाळी ती बोटांनीही निघते. गोण्यांवरच भिस्त ठेवायची तर वाळू मही नदीच्या काठावरून भरून न्यावी लागेल. 25 किलोच्या आठ गोण्या म्हणजे 200 किलो, म्हणजे गाडीत तीन माणसं कमी. पाण्याचे 20 लिटरचे कॅन निदान पिण्याच्या कामाचे. पण तेही पायाला टांगलेले असतील तर छताला उचलू देत नाहीत एवढंच, सरकण्यापासून थांबवत नाहीत. शिवाय पाणी पिऊन झालं की नांगर हलका झाला, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून लांब मेखच हवी. बांधकामाची 12 मिलीमीटरची टीएमटी सळई 12 मीटर लांबीची येते. तिचे 75 सेंटीमीटरचे बरोबर 16 तुकडे होतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून प्रत्येकाचं वरचं टोक 15 सेंटीमीटर वळवून हूक करून घ्यायचा आणि खालचं टोक तिरकं कापून घ्यायचं. 60 सेंटीमीटर जमिनीत जातात. सगळा गठ्ठा पावणेअकरा किलोचा. मेख छतापासून दूर थोडी कललेली ठोकायची, तणाव्याशी (खांबापासून मेखेपर्यंतच्या ताणदोराशी) साधारण काटकोन होईल अशी. ठोकायला दोन किलोचा घण. लाकडी हातोडीने कवच फुटतं, पण सळई आत जात नाही.

ओल लागली तर जोडमेख. पुढच्या मेखेच्या डोक्याला दोर बांधून तो मागच्या मेखेच्या पायथ्याशी आवळायचा. दोन्हींमध्ये दोन फूट अंतर, दोन्ही तणाव्याच्या रेषेत. पुढची कलायला लागली की मागची तिला धरते. वाऱ्याकडच्या चार तणाव्यांना जोडमेख लावली तर आठ अधिक चार, म्हणजे बारा मेखा लागल्या आणि चार उरल्या. ओलीची खात्री करायची असेल तर सामान तोलायचा 50 किलोचा हुकाचा काटा मेखेला अडकवून तिरकं ओढून बघावं. काटा संपेपर्यंत मेख हलली नाही तर पास.

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत हे सगळं निरुपयोगी. कोरड्या वाळूत सळई सुरीसारखी जाते आणि तशीच येते. तिथे मेखेऐवजी गोणी आडवी पुरायची. सिमेंटची रिकामी गोणी अर्धी वाळूने भरायची, मध्यावर दोर बांधायचा, दोन फूट खोल खड्ड्यात ओढीच्या आडवी ठेवायची, दोराला बाहेर यायला तिरका चर काढायचा आणि वर वाळू लोटून तुडवायची. चर काढला नाही तर दोर गोणीला सरळ वर खेचतो आणि खड्डा वाया जातो.

बुधवार

कापड. ताडपत्री नको. वारा अडतो, फडफडते आणि आयलेटपाशी, म्हणजे दोर ओवायच्या कडीपाशी, फाटते. शेतीवाल्यांची 75 टक्के शेडनेट, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी जाळी, पुरते. थोडा वारा आरपार जातो आणि खाली भट्टी होत नाही. जाळीला भोक पाडून दोर ओवू नये. कड दोरावर दुमडून शिवून घ्यावी, म्हणजे ओढ सगळ्या कडेवर वाटली जाते. खांबाच्या पाइपाच्या टोकाला जुन्या टायरट्यूबचा तुकडा. कापड वाऱ्याने फाटण्याआधी घासून फाटतं.

गुरुवार

तणावा, मेख, कनात, राहुटी. तंबूचे हे शब्द आपल्याकडे छावण्यांच्या काळापासून आहेत, आणि दुकानात जाऊन आपण ‘टेंट रोप’ मागतो. असो. दोर 8 मिलीमीटरचा पॉलिएस्टर घ्यावा. नायलॉन ताणला जातो आणि पहाटेच्या दवात सैल पडतो. स्वस्त प्लास्टिकचा दोर उन्हात काही दिवसांत कुसळं टाकायला लागतो.

मेख खांबापासून किती दूर? खांबाच्या उंचीइतकी. 2.2 मीटरच्या खांबाला 2.2 मीटर, म्हणजे 45 अंश. जागा वाचवायला लोक तणावा खांबाच्या जवळ उभा आणतात. त्याने छत वर उचललं जात नाही, पण आडव्या झोताला खांब कलंडतो. 45 अंशांत मेखेवर उचलीच्या 1.4 पट ओढ येते. दीडशे किलो चार कोपऱ्यांत वाटले तर प्रत्येकी साडेसदतीस, तणाव्यात 53. झोत एकाच कोपऱ्यावर आला की दुप्पट धरायचे. म्हणून तणावे आठ, प्रत्येकी पाच मीटर, एकूण 40 मीटर.

ट्रकवाले माल आवळताना मारतात ती फासाची गाठ इथे हवी. दोरात फास करायचा, टोक मेखेतून फिरवून त्या फासातून ओढायचं आणि खाली दोन अढे द्यायचे. सैल झाली की अर्ध्या मिनिटात पुन्हा आवळता येते. खटक्याने आवळायचा रॅचेट पट्टा जास्त ओढतो, इतका की गझेबोचा पाय वाकतो. गझेबोच न्यायचा असेल तर पाय सर्वांत खालच्या खाचेवर, बाजूच्या कनाती काढलेल्या, आणि तणावा कापडाला नाही, सांगाड्याच्या वरच्या कोपऱ्याला. तरी तो मोडणारच असेल तर कात्रीसारख्या आडव्या पट्ट्यांच्या प्लास्टिकच्या सांध्यात मोडेल. तिथे वेगळी मजबुती करता येत नाही.

गाडीला तणावा बांधायचा मोह आवरावा. गाडी उत्तम खुंटी आहे, कुणीतरी चहाला दूध आणायला निघेपर्यंत.

शुक्रवार

फेब्रुवारीअखेर दुपारी चारला या भागात सूर्य साधारण 35 अंशांवर असतो. 2.2 मीटरवरच्या छताची सावली तेव्हा तीन मीटरहून जास्त पूर्व-ईशान्येला सरकलेली असते. म्हणजे तीन मीटरच्या छताखाली बसलेला माणूस उन्हात, आणि सावली शेजारी मोकळी. पश्चिमेची कड जमिनीपासून हातभर वर आणली की हे थांबतं. उन्हाळ्यात वाराही पश्चिम-नैऋत्येचा, त्यामुळे एकाच उताराने ऊन आणि वारा दोन्ही भागतात. हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येचा आणि ऊन दक्षिणेचं. तेव्हा तोंड वाऱ्याकडेच खाली ठेवावं आणि उन्हाच्या बाजूला सुटी जाळी टांगावी. ती उडाली तरी छत राहतं.

वावटळ मात्र दिशा विचारत नाही. ती येते शांत, तापलेल्या दुपारी, खालून. वारा पडला म्हणून एकही तणावा सोडायचा नाही.

आणि उतरवायचं कधी, हे आजच ठरवून लिहून ठेवते. जमिनीवरची धूळ चालायला लागली की वारा 20 च्या पुढे गेला, सगळ्या गाठी पुन्हा आवळायच्या. तणावे शिट्टी घालायला लागले की 40 च्या आसपास आला, छत खाली. आधी वाऱ्याकडचे खांब काढायचे, त्यांच्या मेखा तशाच बांधलेल्या ठेवायच्या. कापड जमिनीवर निजतं आणि वारा वरून जातो. मग मागचे खांब. उलट क्रमाने केलं तर हातात खरोखरचा पतंग येतो.

घुडखर (रानगाढव) अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. मुक्काम काठावरच्या गावात, शेतमालकाला विचारून. सळईच्या हुकांवर जुने टेनिस बॉल, तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या. रात्री अडखळण्याची जागा तीच. निघताना हुकात दुसरी सळई घालून मेख आधी फिरवायची, मग वर ओढायची. सोळा नेल्या तर सोळा परत. कवचात राहिलेली एक घुडखराच्या खुरात जाते किंवा जीपच्या टायरात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायच्या, नाहीतर खार त्यांना पावसाळ्यापर्यंत खाऊन टाकतो.