पानांवरून कळणारे बागेचे वर्ष

बागेत ऋतू बदलला की बहुतेक जण आधी फुलांकडे पाहतात. मी मात्र गेली काही वर्षे आधी पानांकडे पाहते. कोणत्या झाडाचे पान कोणत्या महिन्यात, कोणी आणि कशा रीतीने खाल्ले याची नोंद ठेवत गेले, की बागेत वस्तीला कोण आहे आणि नुसते येऊन जाणारे कोण आहे हे हळूहळू उमगू लागते. फुलावर बसलेले फुलपाखरू कुठूनही आलेले असू शकते, पण पान कुरतडणाऱ्या अळीचा जन्म बहुधा त्याच झाडावर झालेला असतो. म्हणून माझ्या वहीत फुलांपेक्षा पानांची पाने अधिक भरली आहेत.

बागेचे वर्ष मी पहिल्या दमदार पावसापासून मोजते. त्यानंतरच्या एक-दोन संध्याकाळी वाळवीचे पंख फुटलेले नर-मादी जमिनीतून थव्याने बाहेर पडतात, आणि एरवी आपापल्या फांद्या सांभाळून असणारे कोतवाल, बुलबुल, साळुंक्या व कावळे एकाच तुकड्यावर गोळा होतात. अंधार पडल्यावर उरलेल्यांचा समाचार पाली आणि बेडूक घेतात. याच दिवसांत ओल्या मातीवर लाल मखमली अंगाचा मृगाचा किडा फिरताना दिसतो. त्याला किडा म्हणत असले, तरी पाय मोजले तर ते ८ भरतात, कारण तो कोळी आणि गोचिडांच्या गटातला प्राणी आहे. त्याची पिल्ले टोळासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून पोसली जातात, तर प्रौढ किडे मातीतले लहान जीव आणि त्यांची अंडी खातात. माती उकरताना हा किडा हाती लागला, तर त्याला अलगद बाजूला ठेवावे.

पाऊस स्थिरावला की न लावलेली झाडे उगवू लागतात. त्यांतील केना या तणाविषयी मला विशेष आदर आहे. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटून जाते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ओल्या मातीतून तो मुळासकट हलक्या हाताने उचलला, तर मुळांच्या जवळ पांढुरके, पानांविना वाढलेले फुटवे दिसतात. त्यांवरही फुले येतात, मात्र ती कधीच उमलत नाहीत. मिटलेल्या अवस्थेतच त्यांचे परागीभवन होते आणि मातीच्या आतच बी तयार होते. वरची फुले कीटकांच्या भरवशावर आणि खालची स्वतःच्या, अशी त्याची दुहेरी तजवीज आहे. तोडलेल्या खोडाचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी त्याला पुन्हा मुळे फुटतात, त्यामुळे निंदणी कितीही कसोशीने केली तरी केना पुढच्या पावसात हजर होतो. कडेला उगवणारा टाकळा मी मुद्दाम राखते, कारण पिवळ्या आणि हिरवट-पांढऱ्या रंगाची काही फुलपाखरे त्याच्या पानांवर अंडी घालतात.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात माझा सर्वाधिक वेळ लिंबाच्या झाडापाशी जातो. लिंबाळी फुलपाखराची मादी कोवळ्या पालवीवर क्षणभर टेकते, पोट वाकवून एकच फिकट पिवळे, गोल अंडे चिकटवते आणि दुसऱ्या पानाकडे जाते. साधारण ३ ते ५ दिवसांत त्यातून अळी बाहेर येते. लहानपणी ही अळी तपकिरी असून तिच्यावर पांढरे पट्टे असतात, त्यामुळे पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच वाटते, आणि पक्षीही बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष करतात. चौथी कात टाकल्यावर मात्र तिचे रूप पार बदलते. ती हिरवीगार होते आणि पानाच्या मध्यशिरेवर बसली की नजरेस पडत नाही. तिला गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला, तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेला अवयव एकदम बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. धोका टळला की तो पुन्हा आत जातो. पुढे ती काडीला पाठीमागून रेशमी धाग्याचा आधार घेऊन कोष करते. आजूबाजूला हिरवाई असेल तर कोष बहुधा हिरवा होतो आणि सुकलेल्या काटक्या असतील तर तपकिरी. प्रत्येक कोषातून फुलपाखरूच निघते असे नाही. कित्येकदा कोषाला बारीक भोक पडलेले दिसते आणि आतून परजीवी माशा बाहेर पडलेल्या असतात. जोम धरलेले झाड पानांचे हे नुकसान सहज सोसते, म्हणून मी त्यावर औषध फवारत नाही. अगदी कोवळ्या रोपावर अळ्या वाढल्या, तर तेवढ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवते.

पाऊस ओसरल्यावर गुलाबाच्या पानांच्या कडांना सुबक गोल काप दिसू लागतात. अळीने खाल्लेले पान वेडेवाकडे असते. हे काप जणू कात्रीने घेतल्यासारखे असतात. ते काम पाने कापणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाशीचे असते. ती पान खात नाही. पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात ती या तुकड्यांचे कप्पे करते, प्रत्येक कप्प्यात पराग व मध भरते, त्यावर एक अंडे घालते आणि कप्पा बंद करते. छाटणीतल्या पोकळ काड्यांची एक जुडी मी यासाठीच आडोशाला बांधून ठेवते.

थंडीत धोबी पक्षी जमिनीवर शेपटी हलवत फिरू लागतो आणि उत्तरेकडून आलेले लहानसे वटवटे पक्षी पानांच्या खालच्या बाजू धुंडाळतात. जास्वंदीच्या कळ्यांवर याच सुमारास मावा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांची गर्दी, वाढतो आणि त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. नारिंगी ठिपक्यांच्या काळसर अळ्या त्या गर्दीत दिसल्या तर त्यांना हात लावू नये. त्या ढालकिड्याच्या अळ्या असतात आणि माव्यावरच जगतात. त्या दिसेपर्यंत मावा धुऊन काढायला पाण्याची जोरदार धार पुरेशी होते.

उन्हाळ्याची चाहूल लागली की शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून कापूस, कोळ्याचे जाळे आणि झाडाचे तंतू ओवतो, आणि त्या शिवलेल्या पानाच्या आत घरटे करतो. पान झाडालाच लागलेले असल्यामुळे ते हिरवे राहते. अंडी उबायला सुमारे १२ दिवस लागतात आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत पिल्ले उडतात. पिल्लांच्या चोचीत पडणारे बहुतेक खाद्य कीटक आणि अळ्या हेच असते, म्हणजे लिंबावरच्या अळ्यांचा हिशेब इथे येऊन मिळतो. या काळात मी त्या झाडाची छाटणी करत नाही. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी मात्र उथळ ताटलीत ठेवते आणि रोज ओतून ताटली घासते, कारण उन्हाळ्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.