हमादांचे स्वतःचे काय?

मातीकाम शिकवताना जपानी कुंभार हमादा शोजी यांचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो: इतक्या ठिकाणच्या परंपरा एकत्र आणल्यावर या माणसाचे स्वतःचे असे काय उरले? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो.

हमादांचा जन्म 1894 चा. क्योतोच्या संशोधन संस्थेत कुंभार कावाई कान्जिरो यांच्यासोबत त्यांनी झिलईचा, म्हणजे भांड्यावर भट्टीत चढणाऱ्या काचेसारख्या थराचा, अभ्यास केला. 1920 मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर ते इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे गेले आणि परतल्यावर जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावरच्या त्सुबोया या कुंभारवस्तीत राहिले. वाट क्योतोत सापडली, सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, शिकलो ओकिनावात आणि वाढलो माशिकोत, असे ते स्वतः सांगत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर या माशिकोत आहे.

टोकियोच्या उत्तरेकडील या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रांजण, बरण्या आणि चहाच्या किटल्या घडत होत्या. तेथील माती भरड. नाजूक, पातळ काम ती सहन करत नाही. हमादांनी ती तशीच स्वीकारली. स्थानिक दगड कुटून केलेली तांबूस तपकिरी झिलई आणि भाताच्या तुसाच्या राखेची पांढरट झिलई हीच त्यांची मुख्य सामग्री राहिली, त्यामुळे बाहेरून आणलेल्या प्रत्येक गोष्टीला आधी या मातीशी जुळवून घ्यावे लागले. ओकिनावात वाऱ्यावर डोलणारा ऊस पाहून त्यांनी कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत एक नक्षी बसवली आणि पुढे अनेक दशके तीच पुन्हा पुन्हा काढली. माशिकोच्या जाड बरणीवर उतरलेला तो ऊस मला ओकिनावाचाही वाटत नाही आणि नुसता माशिकोचाही वाटत नाही. इंग्लंडच्या जुन्या भांड्यांवरील पातळ मातीच्या ओघळत्या रेषा त्यांना फार आवडत. भल्या मोठ्या थाळीवर पळीने झिलई ओतताना त्यांचा हात ज्या मोकळेपणाने फिरे, त्यात मला त्या रेषांची आठवण दिसते.

ते चाकही काठीने फिरवत, आपल्याकडचे कुंभार फिरवत आले तसेच. ते छायाचित्र मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो.

इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी भांड्यांवर स्वतःची खूण करणे सोडून दिले. नाव लिहीत ते भांडे ठेवायच्या लाकडी पेटीवर.