तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तर "चुकलेल्या" जर्नलला पूर्ण मार्क का?

"मॅडम, ज्याचं उत्तर ९.८१ आलं त्याला तुम्ही परत रीडिंग घ्यायला लावता आणि ज्याचं ९.६ आलं त्याला पूर्ण मार्क देता, हे कसं काय?" दर वर्षी कोणी ना कोणी हे विचारतंच, कधी मुलं, कधी पालक, कधी स्टाफरूममधले सहकारी. परवा एका नव्या सहकाऱ्यांनी परत विचारलं, म्हटलं आता एकदा नीट लिहूनच टाकावं.

मी एफवायबीएस्सीला फिजिक्स शिकवते, तालुक्याच्या गावातलं कॉलेज आहे. पहिल्या टर्मला सिंपल पेंड्युलमचं प्रॅक्टिकल असतं, म्हणजे स्टँडला दोरा, दोऱ्याला बॉब म्हणजे धातूचा छोटा गोळा, हातात स्टॉपवॉच, २० ऑसिलेशन्सचा म्हणजे पूर्ण झोक्यांचा वेळ मोजायचा, लांबी बदलायची, परत मोजायचा आणि त्यावरून "जी" (g) म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण काढायचा. बऱ्याच जणांनी अकरावीत हे फक्त जर्नलमध्ये उतरवलेलं असतं, स्टॉपवॉच हातात पहिल्यांदाच येतं. आणि पुस्तकात जी ९.८ किंवा ९.८१ दिलेला असतो, त्यामुळे प्रयोग सुरू व्हायच्या आधीच उत्तर सगळ्यांना माहीत असतं, मग रीडिंग घ्यायचं नाही, बसवायचं, हे आपोआप येतं. सीनियरचं जर्नल असतंच. नसलं तर उलटं गणित करून वेळ काढता येतो.

आता त्या ९.८१ बद्दल. पृथ्वीवर जी सगळीकडे सारखा नाही, विषुववृत्तावर साधारण ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३. ९.८१ हा लंडन-पॅरिसकडचा आकडा आहे. १९०१ साली प्रमाण म्हणून जो ९.८०६६५ ठरवला तोही ४५ अंश अक्षांशाचा विचार करून. आपल्या महाराष्ट्रात मुंबई घ्या, पुणे घ्या, नागपूर घ्या, जी ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यानच आहे. म्हणजे पोरगं जेव्हा रीडिंग बसवून बसवून ९.८१ आणतं तेव्हा ते युरोपातलं उत्तर इथे आणत असतं. बरं, आपल्या स्टॉपवॉचने हा फरक दिसतो का, तर तोही दिसत नाही. एक मीटरच्या पेंड्युलमची २० ऑसिलेशन्स व्हायला जेमतेम ४० सेकंद लागतात, बटण दाबताना हात कितीही बसलेला असला तरी एक दशांश सेकंद इकडेतिकडे होतोच, आणि तेवढ्यानेच जी ०.०५ ने हलतो. म्हणून बॅचमधल्या सगळ्या जर्नलांत ९.८१, ९.८१, ९.८१ दिसलं की मला वाईट वाटतं, कारण चार तास लॅबमध्ये उभं राहून त्या मुलांना पेंड्युलमने जे सांगितलं ते कोणी ऐकलंच नाही.

आणि तो खूप काही सांगतो. जी १०.८ च्या आसपास आला तर जर्नल न बघता सांगता येतं की स्टॉपवॉच सुरू करताना पोरांनी "एक" म्हटलंय. सुरुवातीला "शून्य" म्हणायचं असतं, "एक" म्हटलं की २० च्या जागी १९ च मोजली जातात आणि जी दहा टक्क्यांनी फुगतो.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एका ग्रुपची. मुलगी जर्नल घेऊन आली, चेहरा पडलेला, "मॅडम, दोरा वाढवला की जी वाढतोय." ५० सेंटीमीटरला ९.५४, ८० ला ९.६२, १०० ला ९.६७. तिचा पार्टनर म्हणत होता अगं वेळ थोडा कमी लिहू, बसेल. मी म्हटलं थांबा, खरंच वाढत असेल तर दोन मीटरला काय होईल? तर ते जिन्याच्या कठड्याला दोरा बांधून आले, दोन मीटर, जी ९.७३. वाढला, पण किती कमी वाढला बघा, ५० वरून १०० ला जाताना जेवढा वाढला तेवढाही १०० वरून २०० ला वाढला नाही. मग ती स्वतःच म्हणाली की काहीतरी छोटी गोष्ट आहे जी लांब दोऱ्यात हरवून जातेय. हे वाक्य मी तिला शिकवलेलं नाही, कोणत्याच पुस्तकातही नाही. मग लांबी विरुद्ध टी स्क्वेअर (एका झोक्याच्या वेळेचा वर्ग) असा ग्राफ काढला, रेघ एकदम सरळ आली पण शून्यातून जाईना, लांबीच्या अक्षाला शून्याच्या मागे साधारण सव्वा सेंटीमीटरवर कापत होती. सव्वा सेंटीमीटर कशाचं? दोघं बराच वेळ त्या बिंदूकडे बघत बसले, मग मुलाने व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) घेतला आणि बॉब मोजला. व्यास अडीच सेंटीमीटर. लांबी बॉबच्या मध्यापर्यंत धरायची असते, यांनी बॉब जिथे सुरू होतो तिथपर्यंतच मोजली होती, आणि ती राहिलेली त्रिज्या ग्राफवर येऊन बसली होती. त्या रेघेच्या उतारावरून जी काढला तर ९.८ च्या जवळपास आला, कारण उताराला त्या चुकीने काहीच फरक पडत नाही.

आता सांगा, या दोघांना मार्क कमी द्यायचे? पार्टनरचं ऐकून वेळ बदलून लिहिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

कोणी म्हणेल ही पोरांची गोष्ट झाली. पण मोठ्यांचंही असंच होतं. अमेरिकन फिजिसिस्ट मिलिकननी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा चार्ज काढला, १९२३ चं नोबेल मिळालं त्यात याचाही वाटा होता, पण त्यांचा आकडा किंचित कमी होता कारण हवेच्या व्हिस्कॉसिटीची (चिकटपणाची) व्हॅल्यू बरोबर नव्हती. फिजिसिस्ट रिचर्ड फाइनमननी १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतल्या भाषणात याबद्दल सांगितलं होतं की नंतरच्या लोकांचे आकडे एकदम बरोबर जागी गेले नाहीत, हळूहळू वर सरकत गेले, कारण ज्याचं उत्तर मिलिकनपेक्षा फार जास्त यायचं तो आपलं कुठे चुकलं ते शोधायचा आणि ज्याचं जवळ यायचं तो फारसं शोधायचा नाही. माझ्या लॅबमध्ये ९.८१ वाल्याला परत रीडिंग घ्यायला लावते ते यासाठीच. शिक्षा नाही ती. जवळ आलेल्या उत्तराचीही तेवढीच कसून चौकशी व्हायला पाहिजे एवढंच.

मार्क फुकट मिळत नाहीत हेही सांगते. सुरुवातीला मुलं शेवटच्या पानावर लिहितात, "ह्यूमन एरर आणि वाऱ्यामुळे फरक आला." हे मी घेत नाही. वाऱ्यामुळे जी कमी येईल की जास्त? किती? पंखा बंद करून बघितलंत का? बॉब जास्त ओढून सोडला म्हणता, ठीक, ३० अंशाला सोडला तर वेळ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे जी साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी दिसेल, तुमचा तर जास्त आलाय, मग हे कारण कसं चालेल? कारण दिलं की त्याची दिशा सांगायची आणि अंदाजे आकडा सांगायचा. ज्याने हे केलं त्याला पूर्ण मार्क, उत्तर काहीही असो.

अजून एक, हे शेवटचं पान मी मराठीत लिहू देते. आमच्याकडे बहुतेक पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमची, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) इंग्लिशमध्ये "व्हाय" विचारलं की गप्प होतात आणि आपण समजतो याला येत नाही. त्याच मुलाला मराठीत लिहू दिलं तर पान भरतं, खाडाखोड असते, "पण मग असं का" असतं. इंग्लिश टर्म्स यायलाच पाहिजेत, त्या मी पाठ करून घेते, पण विचार ज्या भाषेत येतो त्यातच आधी येऊ द्यावा असं माझं ठाम मत आहे.

पालक विचारतात याचा उपयोग काय, परीक्षेत तर येत नाही. एसटी स्टँडवर एका क्लासचं मोठं होर्डिंग लागलं होतं, आमचे इतके विद्यार्थी सिलेक्ट. माझा एक विद्यार्थी धाकट्या भावाच्या ॲडमिशनला वडिलांबरोबर तिथे गेला आणि काउंटरवर त्याने विचारलं, यातले वर्षभर इथे किती शिकले, नुसते टेस्ट सिरीजवाले किती, आणि एकूण बसले किती जण होते? उत्तर मिळालं नाही. वडिलांनी फी त्या दिवशी भरली नाही, आधी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. हे मला त्या वडिलांनीच येऊन सांगितलं.

सहकाऱ्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. बॅच मोठ्या, स्टॉपवॉच कमी, टर्म संपत आलेली, आणि एक्स्टर्नलला (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना) टेबलमध्ये नीटनेटकं उत्तर बघायची सवय. प्रत्येक प्रॅक्टिकलला हे जमत नाही. मी टर्ममधली दोन-तीनच निवडते, पेंड्युलम, स्प्रिंग, लेन्सचं फोकल लेंग्थ, जिथे सामान साधं आहे आणि चूक पोरांना स्वतः शोधता येते. बाकीची नेहमीसारखीच होतात. रीडिंग पेनने लिहायचं, खोडायचं नाही, चुकीचं वाटलं तर एक रेघ मारून बाजूला कारण लिहायचं, एवढा नियम मात्र सगळ्या प्रॅक्टिकलना आहे. एक्स्टर्नलना मी आधीच सांगून ठेवते की शेवटचं पान वाचा, व्हायवा त्यावर घ्या. जे घेतात ते बऱ्याचदा वेळ संपला तरी त्याच टेबलवर असतात.