चौकट क्रमांक ४

फाल्गुन शुद्ध द्वितीया, हरिहरेश्वर

ओहोटी सव्वासातची. सहालाच कातळावर उतरले. परवा कालवाच्या धारेने कापलेला गुडघा खाऱ्या पाण्यात पुन्हा चुरचुरला.

प्रयोग तसा साधा: शिकारी गोगलगाई कातळावरची कालवं किती खातात ते बघायचं. कातळावर फूटभराच्या बारा चौकटी. चार पिंजऱ्यात, चार उघड्या, चारांवर नुसतं जाळीचं छप्पर, बाजू मोकळ्या. पिंजऱ्याने शिकारी गोगलगाई अडतात, पण सावलीही पडते आणि लाटेचा मारही कमी होतो. कालवं नेमकी कशाने वाचली, हे कळायला ते छप्पर. मला आधी ते फाजील वाटलं होतं. पिंजऱ्याची कल्पना परिसरशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांची. स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर त्यांनी बार्नेकलवर (कातळाला चिकटून राहणारे कवचवाले जीव) पोलादी जाळ्या बसवल्या होत्या, निबंध १९६१चा.

गेल्या उधाणाला आकडे बघून मी हरखले होते. पिंजऱ्यात कालवं जशीच्या तशी, उघड्यावर जवळजवळ साफ. खटकत होतं ते एवढंच, की छपराखालचीही शाबूत होती. गोगलगाईला बाजूने शिरायला कोण अडवतंय? वहीत ‘सावली?’ असं लिहून मोकळी झाले.

आज चौकट क्रमांक ४ वर एक मावशी उकिडव्या बसलेल्या. टोकदार लोखंडाने कालवाचं वरचं झाकण उडवायचं, गर डब्यात, खालची वाटी कातळालाच. त्या पांढऱ्या वाट्या मी महिनाभर गोगलगाईची शिकार म्हणून मोजत होते! गोगलगाय शिंपल्याला बारीक गोल भोक पाडते. भोकं शोधायचं मला सुचलंच नाही. आणि छपराखाली लोखंड उगारता येत नाही, इतकंच.

“जाळीतली तुझी गो बाय. भायरची आमचीच ना?” मावशी म्हणाल्या. यावर काय बोलणार?

माझी सोबतीण म्हणते, चौकटी लांब हलव. मला पटत नाही. चिलीत लास क्रूसेसला १९८२च्या अखेरीस किनाऱ्याचा एक तुकडा माणसांना बंद केला, तर लोक वेचून खात ती मोठी शिकारी गोगलगाय वाढली आणि तिने शिंपल्यांचे थर संपवले. म्हणजे माणूस हाही किनाऱ्यावरचा एक शिकारीच. वहीत नवा रकाना आखला: ‘भोक’ आणि ‘वाटी’ वेगळे मोजायचे. जुन्या नोंदी मात्र बाद.

मावशींनी उठताना तिथी मोजली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ; बिजेची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडला. माझ्या छापील तक्त्यातही तेच.

पुढचं मोठं उधाण पुनवेचं. शिमग्याला मुंबईचे पावणे येणार, तेव्हा छपराखालचीही सोडणार नाही, असं मावशी सांगून गेल्या.